वयस्कर माणसांचं फॅटी लिव्हर: खाणं-पिणं, व्यायाम आणि सारखे विचारले जाणारे प्रश्न

बाबांना ७१ व्या वर्षी फॅटी लिव्हर निघालं, ते पण मूतखडा बघायला म्हणून केलेल्या सोनोग्राफीत, आणि तेव्हापासून आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरी फोन चालूच आहेत. कुणाची आई, कुणाचा मामा, कुणाच्या सासूबाई, सगळ्यांच्या रिपोर्टवर तेच दोन शब्द. मी डॉक्टर नाही, पण दीड वर्ष बाबांसोबत ओपीडीच्या बाकावर बसून, डायटिशियन आणि फिजिओच्या मागे लागून जे शिकले ते इथे प्रश्नांच्या रूपात लिहून ठेवलंय. हे साठीच्या पुढच्या माणसांसाठी आहे. चाळिशीतल्या माणसाला जे सांगतात ते जसंच्या तसं म्हाताऱ्या माणसाला लावलं तर नुकसान होतं, आमच्याकडे ते झालंय.

आईच्या सोनोग्राफीत ग्रेड २ आलंय, कितपत घाबरायचं?

ग्रेड म्हणजे सोनोग्राफीत चरबी किती दिसतेय तेवढंच. लिव्हरच्या १०० पेशींतल्या ५ हून जास्त पेशींत चरबी साठली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. खरी काळजी चरबीची नसते, ती चरबी सूज आणते का आणि त्या सुजेतून व्रण पडतात का याची असते. व्रणांना फायब्रोसिस म्हणतात, ते वाढत वाढत गेले की सिरॉसिस. बहुतेक लोक तिथपर्यंत जातच नाहीत. पण ग्रेड १ आहे म्हणून निवांत आणि ग्रेड ३ आहे म्हणून सगळं संपलं असं दोन्ही चुकीचं, कारण व्रण किती आहेत ते ग्रेडवरून कळत नाही.

अजून एक, फॅटी लिव्हर असलेली माणसं जास्त करून लिव्हरने जात नाहीत, हार्टने जातात. म्हणून बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल हे तिन्ही याच्याच जोडीला धरायचे.

बाबा दारूला शिवत पण नाहीत, मग लिव्हरला झालं कसं?

हा प्रश्न मी पण विचारला होता, जवळजवळ भांडल्यासारखा. पोटाभोवतीची चरबी, डायबेटिस, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी), बसून राहणं यातून होणारं हे फॅटी लिव्हर आहे. २०२३ मध्ये डॉक्टरांनी त्याचं नाव पण बदललं, आता रिपोर्टवर एमएएसएलडी असं दिसेल, जुनं एनएएफएलडी होतं तेच हे. आणि बारीक माणसाला होत नाही असं समजू नका, आपल्याकडे हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं पुढे अशी कितीतरी माणसं असतात. वजनकाट्याबरोबर टेप पण घ्या, पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटरच्या वर आणि बायकांची ८० च्या वर असेल तर ती धोक्याची.

एसजीपीटी नॉर्मल आहे, म्हणजे लिव्हर ठीक ना?

एसजीपीटी आणि एसजीओटी म्हणजे रक्तात मोजतात ती लिव्हरची एन्झाइम्स. नाही, तेवढ्यावर ठरत नाही. एसजीपीटी नॉर्मल असून फायब्रोसिस असलेले लोक असतात. डॉक्टरांना फिब-४ विचारा, म्हणजे व्रण असण्याचा अंदाज देणारा आकडा, त्याला वेगळी टेस्ट लागत नाही, नेहमीच्या रक्ताच्या रिपोर्टमधूनच निघतं: वय गुणिले एसजीओटी, त्याला भागायचं प्लेटलेट्स (हजारात) गुणिले एसजीपीटीच्या वर्गमूळाने. बाबांचं वय ७१, एसजीओटी ३८, एसजीपीटी ३६, प्लेटलेट्स २ लाख १० हजार, म्हणजे ७१ गुणिले ३८ भागिले (२१० गुणिले ६), आलं २.१४. तरुण माणसाला १.३ च्या खाली असलं की ठीक मानतात, ६५ च्या पुढे वयामुळेच आकडा फुगतो म्हणून २ ची रेघ धरतात. बाबांचं २ च्या वर गेलं म्हणून फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) केला, त्यात ६.४ आलं, ८ च्या खाली म्हणजे बरं. फायब्रोस्कॅन दुखत नाही, बरगडीपाशी टिचकी मारल्यासारखं वाटतं, फक्त आधी तीनेक तास पोट रिकामं लागतं.

२०२१ पासून केंद्र सरकारने फॅटी लिव्हरला डायबेटिस-बीपीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलंय, तेव्हा आपल्या आरोग्य केंद्रात सुद्धा याबद्दल विचारायला काही हरकत नाही.

वजन किती कमी करायचं?

इथे जरा सविस्तर लिहिते कारण चूक इथेच होते.

पुस्तकी उत्तर असं की वजनाच्या ३ ते ५ टक्के उतरलं तर लिव्हरमधली चरबी कमी होते, ७ ते १० टक्के उतरलं तर सूज पण उतरते आणि १० टक्क्यांच्या वर गेलं तर व्रण सुद्धा सुधारू शकतात. हे वाचलं आणि मी बाबांचं जेवण तोडलं. सकाळी ज्यूस, दुपारी सूप आणि काकडी, रात्री दोन फुलके. नुस्तं म्हणजे मासळी बंद, डाळ पातळ, भात चमचाभर. ते काही बोलले नाहीत, माझ्या समाधानासाठी खात राहिले. दोन महिन्यांत ७६ वरून ७० किलो. मी खूश, सगळ्यांना सांगत सुटले.

मग एका सोमवारी सकाळी देवघरातून हाक आली. पूजा झाली होती, पाटावरून उठता येईना. एक हात भिंतीला, एक हात समईच्या बाजूला जमिनीवर, आणि मांडी थरथरत होती. मी काखेत हात घालून उठवलं तेव्हा दंडाचं कातडं नुसतं लोंबल्यासारखं हातात आलं. कदंबा बसच्या पायरीवर चढताना दांडा धरून स्वतःला ओढून घ्यावं लागतं हे तर ते आठवडाभर लपवत होते. डॉक्टरांनी पोटरी दाबून बघितली आणि म्हणाले, चरबी थोडी गेली आणि स्नायू जास्त गेले.

वयामुळे स्नायू तसेच झिजत असतात, त्यात उपाशी ठेवलं की शरीर आधी तेच खातं. आणि स्नायू गेले की शुगर ओढून घेणारी जागाच कमी होते, म्हणजे लिव्हरला उलट त्रास. पडण्याची भीती वेगळीच, या वयात खुब्याचं हाड मोडलं तर फॅटी लिव्हर कुठल्या कुठे राहतं. म्हणून साठीच्या पुढे वजन हळू उतरवायचं, आठवड्याला जास्तीत जास्त अर्धा किलो, त्याहून कमी असलं तरी चालेल, आणि प्रोटीन व ताकदीचा व्यायाम सोबत असल्याशिवाय उतरवायचंच नाही. झपाट्याने वजन उतरलं तर पित्ताशयात खडे होतात हे पण आहे. आधीच सडपातळ असलेल्या आजीला तर वजन कमी करायला सांगूच नका, तिचं खाणं बदला आणि स्नायू वाढवा.

आज दीड वर्षाने बाबा ७१ किलोच आहेत, पण कंबर ४० इंचावरून ३७ वर आलीये.

मग प्रोटीन किती आणि कुठून आणायचं?

वजनाच्या दर किलोला साधारण १ ते १.२ ग्रॅम रोज. ६० किलोच्या आजीला ६० ते ७२ ग्रॅम. किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवायचं नाही.

आपल्या गोव्यात हे कठीण नाही, उलट सोपं आहे. १०० ग्रॅम मासळीत २० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, आणि बांगडा, तारले यांच्यात ओमेगा ३ पण भरपूर, महागडा विसवण (सुरमई) पाहिजेच असं काही नाही. फक्त रवा लावून तेलात तळलेला बांगडा म्हणजे अर्धं काम बिघडलं. हुमणात (नारळाच्या कालवणात), तिरफळ घालून, किंवा तव्यावर दोन चमचे तेलात भाजून. अंड्यात ६ ग्रॅम, पिवळं खायला हरकत नाही, रोज एक चालतं. जे नुस्तं खात नाहीत किंवा सोमवार-गुरुवार पाळतात त्यांनी अळसांद्यांचं (चवळीचं) तोंडाक, मुगागाठी, चण्याचो रोस, दही, पनीर हे धरायचं. वाटीभर उसळीत ७-८ ग्रॅम येतात. एकाच जेवणात सगळं कोंबायचं नाही, सकाळच्या खाण्यात पण काहीतरी पाहिजे, आपल्याकडे सकाळ म्हणजे चहा आणि पाव आणि तिथे प्रोटीन जवळपास शून्य.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा लोक सुक्या बांगड्यावर आणि सुक्या सुंगटांवर (कोळंबीवर) येतात. चव आहे, मला पण आवडते, पण मीठ फार, बीपीवाल्यांनी किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर) चमचाभरच घ्यावी आणि ते दोन महिने कडधान्यांवर काढावेत.

शीत-कडी (भात-कालवण) सोडायची का? ती सोडली तर आमचे आजोबा जेवणारच नाहीत.

सोडू नका हो. सत्तर वर्षं जे खाल्लं ते एका दिवसात तोडलं की माणूस जेवणावरून उठतो, आणि मग अशक्तपणा.

ताटातली जागा बदला. आमच्याकडे आधी भाताचा डोंगर, त्यावर हुमण, बाजूला एक चमचा भाजी असायची. आता अर्धं ताट भाजी आणि सलाड, पाव ताट नुस्तं किंवा उसळ, उरलेल्या पाव ताटात भात. आईने त्यासाठी एक छोटी वाटी ठरवलीये, भात त्या वाटीने दोनदा, तिसऱ्यांदा नाही. उकडा तांदूळ सुरयपेक्षा (साध्या पांढऱ्या तांदळापेक्षा) जरा बरा कारण साखर थोडी हळू चढते, पण उकडा आहे म्हणून पोटभर खाल्ला तर काही उपयोग नाही. रात्रीच्या पेजेबरोबर नुसतं लोणचं नको, मूग किंवा अंडं घ्या.

नारळाचं विचारतात सगळे. खोबरेल तेलातली जवळजवळ ९० टक्के चरबी सॅच्युरेटेड असते आणि तसली चरबी लिव्हरमध्ये जास्त साठते, हे खरंय. कडीतला नारळ मात्र मी बंद केलेला नाही. आधी चार माणसांना एक अख्खा नारळ वाटायची, आता अर्धा, आणि दाटपणासाठी थोडा कांदा भाजून वाटते, कोकमाची सोलं जरा जास्त. बाबांना फरक कळला पण खातात. सोलकढी रोज नारळाच्या दुधातली नको, फुटी कढी (नारळाशिवायची, नुसत्या कोकमाची) करा, ती पण पोटाला छानच. आणि तेल मोजा: माणशी महिन्याला अर्धा लिटर, फोडणी, तळण, सगळं धरून. बाटलीवर तारीख लिहून ठेवा, पहिल्या महिन्यात आमची बाटली १२ दिवसांत संपली होती.

भाज्या पावसाळ्यात तर दारातच असतात, तायकिळो, फागलां, अळू, तेरें. तांबडी भाजी बाराही महिने. चमचाभर नाही, वाटीभर खा.

पोई चालेल का? आणि चहा-बिस्किटं?

पोई (आपला गोल पाव) चालेल, पण कोंड्याची, गव्हाची असली तर. हल्ली बऱ्याच ठिकाणी मैद्याचीच पोई वरून कोंडा भुरभुरून मिळते, फोडून आतला रंग बघा, पोदेराला (पाववाल्याला) सरळ विचारा, तो सांगतो. एक पोई, सोबत भाजी किंवा अंडं. उंडे आणि कातरे पाव रोज नकोत.

बिस्किटांवर माझा सगळ्यात जास्त राग आहे. संध्याकाळच्या चहाबरोबर चार, पाहुणे आले की अजून चार, कुणी मोजत नाही. त्याऐवजी भाजलेले चणे किंवा दहा-बारा काजू, खारवलेले नकोत.

फळं खाऊ की नको? मानकुराद आंबा?

आख्खं फळ खा, ज्यूस नको. ज्यूसमध्ये तीन-चार फळांची साखर एका दमात जाते आणि फळातली साखर, म्हणजे फ्रुक्टोज, थेट लिव्हरकडेच जाते, जास्त झाली की तिथे तिची चरबी होते. कोल्ड्रिंकचं पण तेच, ३०० मिलीच्या बाटलीत ३० ग्रॅमच्या वर साखर, सात-आठ चमचे. आजारी माणसाला भेटायला जाताना ज्यूसचे डबे नेतात ती पद्धत खरंच बंद व्हायला पाहिजे. मानकुराद एप्रिल-मेमध्ये एक छोटा, जेवणावर नाही, मधल्या वेळी. शुगर जास्त असेल तर अर्धा.

गूळ, मध, माडाचा गूळ हे लिव्हरच्या दृष्टीने साखरच. नाव बदललं म्हणून काम बदलत नाही.

फेणी औषध म्हणून घेतो, बोंडलाभर, चालेल?

नाही. आमच्याकडे सर्दीला, पोटदुखीला फेणी देतात, आजी पण द्यायची, मला कळतं. पण फेणीत अल्कोहोल ४२ टक्क्यांच्या आसपास असतं, उर्राक (काजूची पहिल्या धारेची दारू) त्यापेक्षा सौम्य वाटतो म्हणून मार्च-एप्रिलमध्ये ग्लासच्या ग्लास जातात. ज्या लिव्हरमध्ये आधीच चरबी आहे त्याला थोडी पण दारू ओझंच. फायब्रोसिस असेल तर पूर्ण बंद. आणि जे रोज भरपूर पितात त्यांनी एका दिवसात एकदम सोडायची नाही, अंगाला कंप, भ्रम, झटके येऊ शकतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडायची.

कॉफी चांगली असते म्हणे?

हो, नियमित कॉफी पिणाऱ्यांत लिव्हरचे व्रण कमी आढळलेत. दोन-तीन कप, साखर न घालता. झोप लागत नसेल किंवा छातीत धडधडत असेल तर मुद्दाम सुरू करू नका.

श्रावणातले उपवास आणि चवथ (गणेशचतुर्थी)?

उपवास म्हणून साबुदाणा, बटाटा, तळलेले पापड, म्हणजे रोजच्यापेक्षा वाईट. करायचाच असेल तर दही, ताक, शेंगदाणे, फळ. डायबेटिसची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास नको, आणि सिरॉसिस असेल तर उपवास अजिबात नाही, अशा माणसाने रात्री झोपताना पण काहीतरी खायला पाहिजे.

चवथीला नेवऱ्या, मोदक, पातोळ्या, मणगणें. दीड दिवसात खाल्लेल्या दोन नेवऱ्यांनी लिव्हर बिघडत नाही. नंतर पंधरा दिवस डबा भरलेला राहतो त्याने बिघडतं. आई आता मोजून करते आणि उरलेल्या वाटून टाकते.

व्यायाम कुठला? बाबा रोज बाजारात जाऊन येतात, पुरे ना?

थांबत थांबत, चार लोकांशी बोलत चालणं मनाला चांगलं, पण तेवढं पुरत नाही. आठवड्याला १५० मिनिटं जरा दम लागेल असं चालायचं, म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढ्या वेगाने. रोज ३० मिनिटं एकदम जमत नसेल तर प्रत्येक जेवणानंतर १०-१० मिनिटं, उलट जेवणानंतर चाललं की शुगर पण कमी चढते. वजन तेवढंच राहिलं तरी व्यायामाने लिव्हरमधली चरबी कमी होते, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी काट्याच्या मागे लागले नसते.

चालण्याएवढाच, या वयात मी तर म्हणेन त्याहून जास्त महत्त्वाचा, ताकदीचा व्यायाम, आठवड्यातून निदान दोनदा. फिजिओने बाबांना दिलेला असा:

खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, हात छातीवर घडी घालून उठायचं-बसायचं. सुरुवातीला हात टेकून ५ वेळा जमलं, पुढे हात न टेकता १० चे तीन फेरे. बसताना धपकन बसायचं नाही, हळूहळू, त्यातच खरा व्यायाम आहे. मग ओट्याला धरून टाचा उचलणं. भिंतीला हात लावून दंड. एक लिटर पाण्याच्या बाटल्या दोन्ही हातांत घेऊन कोपरातून वर-खाली. शेवटी तोलासाठी ओट्याला एक बोट लावून एका पायावर १० सेकंद. सगळं मिळून २० मिनिटं. तिसऱ्या महिन्यात बाबा पाटावरून एक हात टेकून उठले, सहाव्यात न टेकता.

गुडघे दुखतात, आणि पावसात कुठे चालणार?

गुडघ्यांना खुर्चीची उंची वाढवून घ्या, खाली जाड उशी ठेवा, थोडं कमी वाकावं लागतं. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार पण हलका होतो. पोहता येत असेल तर उत्तम.

पावसात शेवाळलेल्या अंगणात, तुळशीभोवती सुद्धा, चालू नका, आमच्या वाड्यावर दोघं तिथेच पडलेत. सोप्यावर किंवा राजांगणाभोवती फेऱ्या मारा, बाबा रेडिओवरच्या मराठी बातम्या लावून फेऱ्या मारतात. उन्हाळ्यात सकाळी ७ च्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर, घामाने अंगातलं पाणी जातं, पाणी पिऊन निघा.

चालताना चक्कर येते, गोळ्यांमुळे का?

असू शकतं. इन्सुलिन किंवा काही डायबेटिसच्या गोळ्यांवर व्यायाम वाढवला की शुगर एकदम उतरते, खिशात साखर किंवा गोड गोळी ठेवा. वजन उतरल्यावर बीपीची गोळी पण जास्त पडायला लागते. डोस स्वतः कमी करू नका, नोंदी घेऊन जा. छातीत दाबल्यासारखं झालं तर थांबायचं आणि तडक दवाखान्यात.

गुळवेलीचा काढा, लिव्हर टॉनिक, डिटॉक्स?

मी हात जोडून सांगते, नको. कोविडच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेऊन लिव्हरला सूज आलेले पेशंट नोंदवलेत. झाडपाल्याचं आहे म्हणून निरुपद्रवी असतं असं नाही. जे काही घेत असाल, काढा, चूर्ण, दुखण्याच्या गोळ्या, सगळ्याची यादी डॉक्टरांना दाखवा. व्हिटॅमिन ई पण स्वतःच्या मनाने नको.

आणि उलट बाजूने, लिव्हर आहे म्हणून कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी बंद करणारे खूप भेटतात. फॅटी लिव्हरमध्ये स्टॅटिन बहुतेक वेळा सुरक्षित असते आणि हार्टला वाचवते, डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

फरक कधी दिसतो आणि परत तपासणी कधी?

रक्तात तीन-चार महिन्यांत दिसायला लागतो, सोनोग्राफी दर महिन्याला करून काही मिळत नाही. बाबांची रक्ततपासणी सहा महिन्यांनी, फायब्रोस्कॅन डॉक्टर सांगतील तेव्हा. घरी दर रविवारी वजन आणि कंबर, आणि महिन्यातून एकदा ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येतं ते मोजून कॅलेंडरवर लिहायचं.

काही न करता वजन उतरत असेल तर खूश होऊ नका, दाखवा. डोळे पिवळे होणं, पोट फुगून घट्ट होणं, पायावर सूज असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. काळी शी, रक्ताची उलटी, किंवा माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागला तर वाट न बघता १०८ ला फोन.